ओर्काचे शिकणे आणि शिकविणे

कोळी जाळे विणतो. ते कसे विणावे, हे त्यास कोणी शिकविलेले नसते. अंड्यातून बाहेर पडलेला व आईचे काम कधीही न पाहिलेला कोळीसुद्धा आपल्या जातीस साजेसेच जाळे विणतो. हे ज्ञान देहाबरोबरच जन्मास येते. त्यास उपजत ज्ञान म्हणतात. मांजरीची गोष्ट थोडी निराळी आहे. माळ्यावर किंवा गवताच्या गंजीत व्यालेली मांजरी प्रथम मेलेला उंदीर पिलांपुढे आणून टाकते, काही दिवसांनी अर्धमेला आणते आणि अखेरीस जिवंत उंदीर त्यांच्यापुढे सोडते. झडप घालण्याची ओढ पिलात उपजत असते. परंतु ती केव्हा व कशी घालावी, हे पिलू आईच्या देखत, चुकत चुकत शिकते.

या दोन प्रकारच्या ज्ञानांत एक महत्त्वाचा भेद आहे. उपजत ज्ञान जात जिवंत आहे तोवर सहसा हरवत नाही. शिकून मिळविलेले ज्ञान मात्र एका पिढीने दुसरीच्या हाती द्यावे लागते. देणारे नाहीसे झाले की तेही नाहीसे होते. मनुष्याच्या बाबतीत ही गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. पशूंमध्येही असे घडते, याचे एक ठळक उदाहरण समुद्रात राहणाऱ्या ओर्का या प्राण्याच्या जीवनक्रमात पाहावयास मिळते.

प्राण्याची ओळख

ओर्का यास मारेकरी देवमासा असेही म्हणतात. आपल्याहून कितीतरी मोठ्या देवमाशांस टोळीने गाठून मारताना खलाशांनी यास पाहिले, त्यावरून हे नाव रूढ झाले. वास्तविक तो मासाही नव्हे आणि काटेकोर अर्थाने मोठ्या देवमाशांच्या कुळातलाही नव्हे. तो डॉल्फिनच्या कुळातील सर्वांत मोठा प्राणी होय. तो सस्तन आहे. फुप्फुसांनी श्वास घेतो व त्याची मादी पिलास दूध पाजते. पूर्ण वाढलेला नर सहा ते आठ मीटर लांब असतो व त्याचे वजन पाच-सहा हजार किलोग्रॅमपर्यंत भरते. नराच्या पाठीवरचा उभा पर पुरुषभर उंचीचा होतो. पाठ काळीभोर, पोट पांढरे आणि डोळ्यामागे पांढरा लंबगोल ठिपका, ही त्याची खूण दुरूनही ओळखू येते.

उत्तर ध्रुवाकडील समुद्रापासून दक्षिण ध्रुवाकडील बर्फापर्यंत सर्व महासागरांत ओर्का आढळतो. इतका विस्तृत वावर असलेल्या या प्राण्याची एक गोष्ट अभ्यासकांच्या ध्यानात आली, ती अशी की, प्रत्येक ठिकाणच्या ओर्काचा आहार वेगळा आणि तो मिळविण्याची रीतही वेगळी. कोठे तो केवळ मासळीवर जगतो, कोठे सील मारतो, तर कोठे शार्क माशांची शिकार करतो. नाव भीतिदायक असले, तरी मोकळ्या समुद्रात ओर्काने मनुष्यास ठार मारल्याची खात्रीलायक नोंद नाही.

बर्फावरील शिकार

१९११ च्या जानेवारी महिन्यात कॅप्टन रॉबर्ट स्कॉट यांची ब्रिटिश मोहीम अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यास लागली होती. जहाजाजवळ, गोठलेल्या समुद्राच्या कडेस, दोन कुत्री बांधून ठेवली होती. पाण्यात काही ओर्का घिरट्या घालीत होते. मोहिमेचे छायाचित्रकार हर्बर्ट पाँटिंग हे त्यांचे चित्र घेण्यासाठी कॅमेरा घेऊन कडेपर्यंत धावले. ओर्का क्षणभर दिसेनासे झाले. आणि लगेच पाँटिंग यांच्या पायांखालील बर्फ खालून धडका बसून वर उचलला गेला व दुभंगला. तडे त्यांच्या आणि कुत्र्यांच्या भोवताली गेले. सुदैवाने कोणीही पाण्यात पडले नाही. नंतर एकामागून एक ओर्कांची डोकी भेगांतून वर आली. आपली शिकार कोठे गेली, हे जणू ती न्याहाळीत होती. अडीच फूट जाडीचा बर्फ हे प्राणी फोडू शकतात, आणि त्यासाठी एकजुटीने व हेतुपूर्वक वागतात, ही गोष्ट आपणांस नवीन असल्याचे स्कॉट यांनी दैनंदिनीत नमूद केले.

त्या रीतीचा उलगडा होण्यास पुष्कळ काळ जावा लागला. रॉबर्ट पिटमन व जॉन डर्बन या शास्त्रज्ञांनी २००९ साली अंटार्क्टिक द्वीपकल्पालगतच्या समुद्रात ओर्कांच्या शिकारीचे तपशीलवार निरीक्षण केले. तरंगत्या बर्फाच्या लादीवर सील पहुडलेला असतो. ओर्का पाण्यात उभा राहून डोके वर काढतो व लादीवर कोण आहे ते पाहून घेतो. खेकडेखाऊ म्हणविला जाणारा सील तेथे विपुल आहे. पण त्यास सोडून हे ओर्का वेडेल जातीचा सील निवडतात. निवड झाली म्हणजे टोळी थोडी दूर जाते. मग तिचे घटक एकमेकांच्या शेजारी एका ओळीत येतात, लादीच्या दिशेने वेगाने पोहत सुटतात आणि अगदी जवळ येताच शेपटीचा एकसमयी तडाखा देऊन लादीखालून निघून जातात. त्यांच्या मागोमाग उठलेली लाट लादीवरून वाहून जाते. लादी मोठी असेल, तर पहिल्या लाटांनी तिचे तुकडे पडतात. लहान असेल, तर सील धुतला जाऊन पाण्यात पडतो. एका लाटेने काम झाले नाही, तर टोळी परत फिरते व दुसरी लाट उठविते.

या शिकारीत एकट्याचा उपयोग नाही. ओळ मोडली, एखादा पुढे वा मागे राहिला, तर लाट विस्कटते. म्हणून पिलास येथे दोन गोष्टी शिकाव्या लागतात: लाट कशी उठवावयाची हे, आणि इतरांच्या वेगाशी आपला वेग कसा जुळवावयाचा हेही.

हेरिंगचा थवा

हेच कौशल्य नॉर्वेच्या किनाऱ्यावर अगदी वेगळे रूप घेते. तेथील ओर्का प्रामुख्याने हेरिंग नावाची मासळी खातात. हेरिंग हा वीतभर-दीडवीत लांबीचा, चपळ मासा. सहा मीटर लांबीच्या प्राण्याने एकेका हेरिंगमागे धावावयाचे म्हटल्यास मिळणाऱ्या अन्नापेक्षा खर्च होणारी शक्तीच अधिक होईल. म्हणून टोळी प्रथम थव्यास वेढा घालते. ओर्का खालून व बाजूंनी फिरत राहतात, श्वासछिद्रातून हवेचे बुडबुडे सोडतात, आपली पांढरी पोटे थव्याकडे वळवून त्यास भेवडावतात आणि त्याला पृष्ठभागाकडे रेटीत रेटीत एका घट्ट गोळ्याच्या आकारात आणतात. त्यानंतर त्यांच्यापैकी एखादा गोळ्याच्या कडेवर शेपटीचा जोरदार फटका मारतो. फटक्याने बधिर झालेले मासे पाण्यात निश्चेष्ट तरंगू लागतात. ते एक एक करून खाल्ले जातात. उरलेले ओर्का तोवर वेढा सोडीत नाहीत. ही रीत तिया सिमिला व फर्नांडो उगार्ते यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर्णिली आहे.

किनाऱ्यावरचा धडा

ओर्काच्या सर्व रीतींत जोखमीची रीत म्हणजे समुद्र सोडून जमिनीवर येऊन केलेली शिकार. अर्जेंटिनामधील वाल्देस द्वीपकल्पाच्या पुंता नोर्ते या टोकावर समुद्रसिंहांची वसाहत आहे. दर वर्षी फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास तेथील पिले पाण्याच्या कडेस पोहावयास शिकत असतात. भरतीच्या वेळी ओर्का पाण्याखालून येतो, लाटेबरोबर स्वतःस किनाऱ्यावर झोकून देतो, समुद्रसिंहाचे पिलू दातांत पकडतो आणि अंग वळवीत, पुढच्या लाटेचा आधार घेत पाण्यात परत सरकतो. पकडलेले पिलू तो पुष्कळदा टोळीतील इतरांस वाटून देतो.

हा प्रकार ऐकावयास सोपा वाटतो. परंतु त्यातील धोका ध्यानात घेतला पाहिजे. पाण्यात ओर्काचे वजन पाणी पेलते. जमिनीवर तेच हजारो किलोग्रॅम वजन त्याच्या स्वतःच्या फुप्फुसांवर पडते. उतार कमी असेल, लाट ओसरली असेल, किंवा अंग चुकीच्या दिशेस वळले असेल, तर तो रुतून बसतो व त्यातच त्याचा अंत होऊ शकतो. त्या सागरात वावरणाऱ्या ओर्कांपैकी थोडेच अशी शिकार करतात, याचे नवल वाटावयास नको.

तर मग पिलू हे शिकते कसे? या प्रश्नाचे उत्तर हिंदी महासागराच्या दक्षिण भागातील क्रोझे बेटांवर मिळाले. ही बेटे फ्रान्सच्या ताब्यात आहेत. तेथील पझेशन बेटावर हत्तीसील पिले घालतात व ओर्का वाल्देसप्रमाणेच किनाऱ्यावर येऊन ती पकडतात. फ्रेंच शास्त्रज्ञ क्रिस्तोफ गिने यांनी १९८० नंतरच्या दशकात त्या ओर्कांचे दीर्घकाळ निरीक्षण केले. त्यांस असे आढळले की, शिकारीच्या कितीतरी आधी शिकारीचा अभ्यास चालतो. जेथे एकही सील नाही, अशा मोकळ्या, योग्य उताराच्या किनाऱ्यावर माद्या पिलांसह येतात. आई स्वतः किनाऱ्यावर सरकते व परत जाते; पिलू तिच्या बाजूस राहून तसेच करते. येथे पोट भरण्याचा प्रश्नच नसतो. जमिनीवर यावे कसे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे परत जावे कसे, एवढाच तो धडा असतो.

पुढे प्रत्यक्ष शिकारीच्या वेळी आई पिलास मागून ढकलून सीलच्या दिशेने नेते. पिलू अडखळले, तर त्यास पाण्यात परत फिरण्यास ती साहाय्य करते. स्वतः एकटीने शिकार केली असती, तर आईस कमी श्रमात अधिक अन्न मिळाले असते. पिलास शिकविण्यासाठी ती आपला वेळ, आपली शिकार आणि काही प्रमाणात आपला जीवही पणास लावते. एखाद्या पशूच्या वागण्यास ‘शिकविणे’ हा शब्द लावावयाचा की नाही, याबाबत शास्त्रज्ञ फार सावध असतात. शिकविणाऱ्याने स्वतः तोशीस सोसून दुसऱ्याचे ज्ञान वाढविले पाहिजे, ही त्यांची एक प्रमुख कसोटी आहे. क्रोझे येथील मातांचे वागणे या कसोटीच्या पुष्कळ जवळ जाते. पिलास ही कला साधण्यास अनेक वर्षे लागतात, आणि तोवर आई त्याच्याजवळ असते.

एक समुद्र, दोन आहार

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या किनाऱ्यावर ओर्कांची शास्त्रीय गणना १९७० नंतर सुरू झाली. मायकेल बिग या शास्त्रज्ञांनी छायाचित्रांच्या साहाय्याने पाठीवरचा पर व त्यामागील करड्या रंगाचा डाग पाहून एकेक ओर्का वेगळा ओळखण्याची पद्धत घालून दिली. शाळेच्या हजेरीपटावर मुलांची नावे असावीत, त्याप्रमाणे तेथील प्रत्येक ओर्काची नोंद होऊ लागली. त्यातून असे दिसले की, त्या एकाच समुद्रात दोन निरनिराळे समाज राहतात. एक मासळी खातो, विशेषतः चिनूक नावाचा मोठा सॅमन मासा. दुसरा सील, समुद्रसिंह व लहान डॉल्फिन यांसारखे सस्तन प्राणी खातो. दोघे एकमेकांत मिसळत नाहीत. मासे खाणारे शिकारीच्या वेळीही पुष्कळ बोलतात, कारण त्यांचे आवाज सॅमनला फारसे ऐकू येत नाहीत. सील खाणारे शिकारीत मौन पाळतात, कारण सीलचे कान तीक्ष्ण असतात.

हा भेद किती खोल आहे, याची प्रचिती १९७० साली नकळत आली होती. त्या वर्षी प्राणिसंग्रहासाठी त्या किनाऱ्यावर पाच ओर्का पकडण्यात आले. त्यांतील तीन एका उपसागरात जाळ्यात ठेवले होते. त्यांस ताजी मासळी दिली जाई; परंतु त्यांनी तिला तोंड लावले नाही. सुमारे अडीच महिने हा उपवास चालला. तिघांपैकी एक मादी मेली. त्यानंतरच उरलेल्या दोघांनी सॅमन खाण्यास प्रारंभ केला. पुढे ते मोकळे झाले, तेव्हा पुन्हा सस्तन प्राण्यांचीच शिकार करताना आढळले. ते दुसऱ्या समाजातले होते, हे पकडणाऱ्यांस त्या वेळी ठाऊक नव्हते. समोर अन्न होते, भूक होती. तरी ते अन्न आहे, हे त्यांस कोणी दाखविलेले नव्हते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. हे दोन समाज फार पूर्वीच वेगळे झाले असून त्यांच्या आनुवंशिक घडणीतही फरक पडला आहे. ते दोन निराळ्या जाती मानावेत, असे २०२४ साली काही शास्त्रज्ञांनी सुचविले. त्यामुळे त्यांच्या आहारातील सगळाच भेद शिकण्यामुळे झाला, असे म्हणता येत नाही. शिकण्याचा पुरावा शोधावयाचा, तर तो एकाच समाजाच्या अंतर्गत शोधला पाहिजे. आणि तसा पुरावाही मिळतो.

बोली, खेळ आणि आजी

मासे खाणाऱ्या ओर्कांत मुलगे व मुली दोघेही जन्मभर आईबरोबर राहतात. अशी काही कुटुंबे मिळून एक टोळी होते. जॉन फोर्ड या शास्त्रज्ञांनी पाण्याखालील ध्वनिग्रहण करून दाखविले की, प्रत्येक टोळीस ७ ते १७ प्रकारच्या ठरावीक हाका असतात आणि टोळीगणिक त्यांत फरक असतो. बारा कोसांवर बोली बदलते, असे मराठीत म्हणतात. येथे बोली अंतराने बदलत नसून कुळाने बदलते. नर सहसा दुसऱ्या बोलीच्या टोळीतील मादीशी समागम करतो. परंतु पिलू बोली शिकते ती आईची व तिच्या आप्तांची. बापाची बोली त्याच्या तोंडी येत नाही. बोली रक्तातून उतरत असती, तर असे झाले नसते.

दुसरा पुरावा एका खेळाचा आहे. १९८७ साली अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील एक मादी मेलेला सॅमन मासा नाकावर ठेवून हिंडू लागली. पाच-सहा आठवड्यांत हा प्रकार तिच्या टोळीतून इतर दोन टोळ्यांत पसरला. पुढच्या उन्हाळ्यात थोडे दिवस तो दिसला आणि मग बंद पडला. त्यापासून कोणाचे पोट भरले नाही. नवीन गोष्ट एकाने काढली, इतरांनी पाहिली, उचलली व कंटाळा येताच सोडून दिली. २०२० सालापासून स्पेन व पोर्तुगालच्या किनाऱ्यावर काही ओर्का शिडाच्या नौकांची सुकाणू मोडू लागले, तोही प्रकार याच जातीचा असावा, असे अनेक अभ्यासकांस वाटते. हे ओर्का प्रामुख्याने ट्यूना, म्हणजे कोकणातील कुपा माशाचे मोठे भाईबंद, खातात. प्रारंभी त्यांतील थोडेच सुकाणूच्या मागे लागले होते. इतरांनी ती खोड त्यांच्यापासून उचलली. काही नौका त्यात बुडाल्या. ज्या शक्तीने उपयुक्त विद्या पसरते, त्याच शक्तीने निरुपयोगी लहर व उपद्रवी खोडही पसरते, हे यावरून दिसते.

ही विद्या सांभाळण्याचे काम टोळीतील वृद्ध माद्या करतात. ओर्काची मादी चाळिशीच्या सुमारास प्रजननातून निवृत्त होते. परंतु त्यानंतरही ती अनेक वर्षे जगते, काही माद्या ऐंशीच्या पुढेही जातात. सस्तन प्राण्यांत असे दीर्घ उत्तरायुष्य मनुष्य व काही दंतुर देवमासे यांतच आढळते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले की, सॅमनच्या शोधात टोळीच्या पुढे बहुधा या वृद्ध माद्या असतात. आणि ज्या वर्षी सॅमन कमी येतो, त्या वर्षी त्यांचे पुढारीपण अधिक ठळक होते. सुबत्तेत कोणीही वाट दाखवू शकतो. टंचाईत पूर्वीची टंचाई पाहिलेल्या आजीचीच आठवण उपयोगी पडते. २०१२ च्या दुसऱ्या एका अभ्यासात तर तिशी उलटलेल्या नराची आई मेल्यास पुढील वर्षभरात त्याच्या मृत्यूचा संभव सुमारे १४ पट वाढतो, असे आढळले.

विद्या हरवते तेव्हा

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय किनाऱ्यावर ईडन नावाचे गाव आहे. तेथील टूफोल्ड उपसागरात एकोणिसाव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मनुष्य व ओर्का मिळून देवमाशांची शिकार करीत. या सहकार्याचे मूळ तेथील आदिवासी लोकांच्या त्याहून जुन्या परिचयात होते. हिवाळ्यात ओर्का मोठ्या देवमाशांस उपसागरात वळवून आणीत. त्यांतील एखादा शिकाऱ्यांच्या वस्तीसमोर येऊन पाण्यावर शेपटी आपटी, तेव्हा माणसे होड्या घेऊन निघत. देवमासा मारला गेला की तो एक-दोन दिवस पाण्यातच ठेवीत. त्याची जीभ व ओठ हा ओर्कांचा वाटा असे, चरबी माणसांची. या टोळीतील ‘ओल्ड टॉम’ नावाचा ओर्का १९३० च्या सप्टेंबर महिन्यात मेला. त्याचा सांगाडा ईडनच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे. २०२३ साली त्याच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी झाली, तेव्हा ज्यांच्याशी तुलना केली त्या जिवंत ओर्कांत त्याचे वंशज आढळले नाहीत. दोन भिन्न प्राण्यांनी मिळून जमविलेली ती रीत शिकविणाऱ्यांबरोबरच संपली. आता हाडे आहेत, विद्या नाही.

अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवरील सॅमनखाऊ ओर्कांपुढे आज वेगळे संकट आहे. १९६० ते १९७५ या सुमारास प्राणिसंग्रहांसाठी त्यांच्यातील चाळीसहून अधिक ओर्का पकडून नेले गेले वा त्या खटपटीत मेले. त्यांत लहान वयाचे पुष्कळ होते. त्यानंतर नद्यांवरील धरणे, प्रमाणाबाहेर मासेमारी व बिघडलेले पाणी यांमुळे चिनूक सॅमन घटला. २००५ साली अमेरिकेने या समाजाची गणना लोप पावण्याच्या धोक्यातील प्राण्यांत केली. अलीकडील गणनांत त्यांची संख्या ८० च्याही खाली आहे. त्याच समुद्रात, संरक्षण मिळाल्यामुळे, सील मात्र वाढले आहेत. आणि सील खाणारा दुसरा समाज त्यांबरोबर वाढत आहे. उपाशी ओर्काच्या डोळ्यांदेखत सील पोहत जातो. त्यास मारण्याची शक्ती ओर्काच्या दातांत आहे. परंतु तो आपला आहार आहे, हे त्याच्या आजीने त्याच्या आईस व आईने त्यास कधी सांगितले नाही. परंपरेने या समाजास पिढ्यान् पिढ्या जगविले. तीच परंपरा आज त्यास आवळीत आहे.

वर्गात उपयोग

हा विषय चौथीच्या पुढील मुलांस भूगोल व सामान्य विज्ञान या दोन्ही तासांस सांगता येण्याजोगा आहे. जगाच्या नकाशावर अंटार्क्टिक द्वीपकल्प, नॉर्वे, वाल्देस, क्रोझे, ब्रिटिश कोलंबिया व ईडन ही स्थळे मुलांकडून दाखवून घ्यावीत आणि प्रत्येक स्थळी ओर्का काय खातो व ते कसे मिळवितो, हे फळ्यावर समोरासमोर मांडावे. त्यानंतर मुलांनी घरी व शेतावर पाहिलेल्या प्राण्यांची उदाहरणे द्यावीत: कोंबडी दाणा दाखविण्यासाठी पिलांस कशी हाक मारते, मांजरी पिलांपुढे काय आणते, वासरू कोणते गवत सोडते. यांतील उपजत कोणते व शिकलेले कोणते, हा प्रश्न मुलांनीच चर्चेने सोडवावा. उत्तर नेहमीच निश्चित मिळेल असे नाही; शास्त्रज्ञांसही ते सहज मिळत नाही, हेही मुलांच्या कानी पडणे इष्ट आहे.

शिक्षकाच्या दृष्टीने क्रोझे बेटावरील ती आई विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ती पिलास प्रथमच शिकारीवर नेत नाही. जेथे चूक झाली तरी ती सावरता येईल, असा मोकळा किनारा निवडते. करून दाखविताना ती पिलाच्या शेजारी असते. पिलाची वेळ आली म्हणजे त्यास पुढे ढकलते, आणि ते अडखळले तर हाताशी असते. पुढे जाण्याबरोबरच परत कसे यावे, हे ती आधी शिकविते. कारण जो पिलू परत येऊ शकला नाही, त्यास दुसरा धडा देता येत नाही.